तेराशे सोळा मतांची मुखत्यार

पद्मजा कोठावळेला हाताने लिहिलेली पत्रं येत. २०३९ साली ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी होती. मिरजेतल्या एका धर्मादाय रुग्णालयात ती एक्स-रे विभागात तंत्रज्ञ होती. वय एक्कावन्न. लग्न केलेलं नव्हतं. आई आणि धाकटा भाऊ दिगंबर यांच्याबरोबर ती राहत होती. पत्रं पाठवणारे विनायकराव हेर्लेकर म्हणजे लिंबेवाडीचे निवृत्त पोस्टमास्तर, वय ऐंशीच्या पुढे. वर्षभरात त्यांची पाच पत्रं आली होती. बारीक, उजवीकडे झुकलेलं अक्षर, मधेच एखादा खोडलेला शब्द. ते काही मागत नसत. तिने साखळीवर मांडलेली मतांची कारणं आपण नियमाने वाचतो, असं त्यांनी पहिल्याच पत्रात कळवलं होतं. त्यांच्या शाळेत एक मास्तर होते, ते गणित सुटल्यावरही फळ्यावरच्या पायऱ्या पुसत नसत, म्हणत, ज्याला चूक सापडेल त्याने उठून दाखवावी. तुमचं लिहिणं वाचताना मला ते मास्तर आठवतात, असं त्यांनी लिहिलं होतं. हे वाक्य पद्मजाने किती वेळा वाचलं ते तिचं तिलाच ठाऊक. उत्तर लिहायला म्हणून तिने शाईचं पेन विकत घेतलं.

साखळी म्हणजे परिसर साखळी. मिरजेच्या पूर्वेकडच्या अकरा गावांचा आणि वस्त्यांचा कचरा सहा वर्षांपासून कुठल्याच ऑफिसच्या हातात नव्हता. कोणता कचरा कुठे जायचा, कोणती भट्टी किती तापवायची, कोणाला परवाना द्यायचा, हे सगळं लोकांच्या मतांनी ठरत होतं. ती मतं एका वहीत नोंदली जात. फक्त ती वही एका कपाटात नव्हती. तिच्या हजारो प्रती हजारो लोकांच्या फोनमध्ये एकाच वेळी असत, आणि प्रत्येक नव्या पानावर आधीच्या पानाचा हिशोबाने काढलेला ठसा असे. जुन्या पानावरचा एक आकडा जरी बदलला, तरी पुढच्या सगळ्या पानांवरचे ठसे चुकत आणि बाकीच्या प्रती ते खोटं पान फेटाळून लावत. त्यामुळे कोणी कधी कुठलं मत दिलं हे कायमचं उघड राही.

अडचण वेगळीच होती. महिन्याला वीस-बावीस प्रस्ताव येत, आणि एकेकाला पन्नास-साठ पानांची परिशिष्टं. शेतात, दुकानात, दवाखान्यात राबणाऱ्या माणसाने ती कधी वाचायची? म्हणून मुखत्यारी आली. आपलं मत ज्याच्यावर भरवसा आहे त्याच्या हवाली करायचं, आणि भरवसा उडाला की बोटाच्या एका स्पर्शाने परत घ्यायचं. साखळीत एकवीस हजार मतदार होते आणि एक्केचाळीस मुखत्यार. पद्मजाकडे तेराशे सोळा मतं होती.

या कामाचा तिला पगार नव्हता. दर रविवारी सकाळी ती जेवणाच्या टेबलावर परिशिष्टं पसरून बसे. मत दिल्यावर चोवीस तासांच्या आत त्याचं कारण साध्या मराठीत लिहून जाहीर करी. आपला कुठे संबंध येत असेल तर तसं सांगून ती बाजूला राही. एकदा रुग्णालयाच्या गाडीतळाचा प्रश्न होता, तेव्हा ती बाजूला राहिली होती. मुखत्यारांसाठी आठ नियमांची आचारसंहिता होती. ती लिहिणाऱ्या पाच जणांत पद्मजा होती आणि तिला त्याचा अभिमान होता.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी दुपारी नसीम बागवान तिला भेटायला रुग्णालयात आली. तिशी ओलांडलेली, मिरजेचीच मुलगी. संख्याशास्त्र शिकून ती पुण्यातल्या एका सल्लागार कंपनीत नोकरीला लागली होती आणि गेल्या महिन्यात तिने ती नोकरी सोडली होती. गच्चीवरच्या कँटीनमध्ये दोघी बसल्या. नसीमने चहा मागवला. मग तिने टॅबलेट पुढे सरकवला आणि म्हणाली, "कोठावळे मॅडम, ही तुमची फाईल. मी यातलं गणित केलंय."

ज्यांना परवाने आणि सवलती हव्या असत अशा गिऱ्हाइकांसाठी तिच्या कंपनीने एक प्रणाली बनवली होती. नाव होतं सौहार्द. साखळीवर सहा वर्षांची मतं उघड पडली होती, मुखत्यारांनी लिहिलेली कारणंही होती. सौहार्दने ती सगळी वाचली. कोणत्या मुखत्याराचं मत कोणत्या दिवसांत सैल पडतं, कशानंतर तो परिशिष्टं बारकाईने वाचतो आणि कशानंतर वरवर चाळतो, हे तिने शोधलं. घरात काही चांगलं घडलं, डोक्यावरचा एखादा घोर उतरला, की पुढचे दोनतीन आठवडे माणूस धोक्याची पानं भरभर उलटतो. हे प्रत्येकात असतं, प्रमाण तेवढं वेगळं. प्रत्येक माणसाचं ते प्रमाण सौहार्द अंशांत मोजत असे. त्याला कंपनीत कल म्हणत. आणि हवा तिकडे कल झुकवायला नेमकं काय घडवून आणायचं हे ती सुचवत असे, बऱ्याचदा स्वतःच घडवूनही आणत असे. लाच देण्याची गरजच नव्हती. देणारा पुढे येत नसे, काही मागत नसे. माणसाचं एक अडलेलं काम अचानक मार्गी लागे, आणि तो नशिबाला हात जोडून पुढच्या रविवारी मत देई.

पद्मजाने फाईल वाचायला घेतली. पहिली नोंद तिच्या आईची होती. मागच्या वर्षी आई पडली आणि तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रियेची तारीख पाच महिन्यांनंतरची होती. अकराव्या दिवशी एक तारीख मोकळी झाली आणि ती त्यांना मिळाली. घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. फाईलमध्ये त्या तारखेच्या मूळ रुग्णाचं नाव होतं. महादेव शेजाळ, वय एकसष्ट, तालुका जत. त्यांना पुण्यातल्या एका मोफत शिबिराचं निमंत्रण गेलं, आणि त्यांनी मिरजेतली तारीख सोडली. मोकळ्या तारखेचा निरोप सगळ्यांत आधी कोठावळ्यांच्या फोनवर आला. पुण्यातलं शिबिर कधी भरलंच नाही. शेजाळ रांगेच्या शेवटी गेले.

पुढच्या रकान्यात लिहिलं होतं: अपेक्षित बदल सहा अंश, प्रत्यक्ष बदल दोन.

तिने पान पुढे सरकवलं. दुसरी नोंद हेर्लेकरांची होती. पाच पत्रांच्या पाच तारखा, प्रत्येक पत्राचा मसुदा, कागदाचा प्रकार, अक्षराचा नमुना, यंत्राच्या हाताने कुठे खोडायचं त्याची खूण. अपेक्षित बदल पाच अंश, प्रत्यक्ष बदल चौदा. खाली शेऱ्याच्या जागी दोन वाक्यं होती. "ही व्यक्ती स्वतःला लाच न घेणारी समजते. प्रशंसा प्रामाणिकपणाबद्दलच असावी."

तिने टॅबलेट पालथा घातला. नसीम सांगत होती की पहिले नऊ महिने हे काम करताना तिला मजा वाटत होती. माणसांची नावं नसत, क्रमांक असत, आणि अंदाज बरोबर आला की सगळे टेबल वाजवत. मग एका यादीत तिच्या मावशीच्या वस्तीचं नाव आलं. पद्मजाने विचारलं, टेबल कोण वाजवायचं? नसीम म्हणाली, मीसुद्धा. तिने खोटं सांगितलं नाही, तरी पद्मजाला तिच्या समोर बसवेना. ती चहा तसाच टाकून उठली, खाली विभागात गेली आणि संध्याकाळपर्यंत लोकांच्या हाडांचे फोटो काढत राहिली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती लिंबेवाडीला गेली. पत्रावरच्या पत्त्यावर शटर ओढलेला एक गाळा होता आणि त्याच्या बाहेर पार्सल ठेवायची लोखंडी कपाटं. शेजारच्या गिरणीवाल्याने सांगितलं की गावात हेर्लेकर नावाचं घर कधीच नव्हतं. एका कपाटाच्या काचेतून तिला आपलं पाकीट दिसलं, तिसऱ्या पत्राचं उत्तर. त्यात तिने वडिलांबद्दल लिहिलं होतं. त्यांच्या शेवटच्या आजारपणात आपण कंटाळून गेलो होतो, हे तिने आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पाकीट एका बाजूने सरळ कापलेलं होतं. म्हणजे ते वाचलं गेलं होतं. मोजलंही गेलं असणार. तिने कपाटाचं दार ओढून पाहिलं, ते कुलूपबंद होतं.

पत्रांनी मिळवलेलं मत कोणतं होतं ते तिला फाईल न बघताही आठवलं. खरातवस्तीजवळ रुग्णालयांचा कचरा जाळायची भट्टी होती. सुया, नळ्या, रक्ताच्या पिशव्या, शस्त्रक्रियेत कापून काढलेलं, ते सगळं तिथे जाई. अशा भट्टीत दोन कक्ष असतात. पहिल्यात कचरा जळतो, आणि त्याचा धूर दुसऱ्या कक्षात हजार-साडेदहाशे अंशांवर पुन्हा जाळावा लागतो. तापमान तेवढं नसेल तर प्लास्टिकच्या धुरातून अशी विषं तयार होतात जी मातीत, दुधात, अंगातल्या चरबीत वर्षानुवर्षं राहतात. इंधन वाचवायचं असेल तर काही तास आच कमी करायची, एवढंच पुरतं. म्हणून दर तासाचं तापमान साखळीवर नोंदायची सक्ती होती. ती काढून दिवसाची सरासरी नोंदावी, असा प्रस्ताव मार्चमध्ये आला. चौथ्या पत्रात हेर्लेकरांनी ओघात लिहिलं होतं की आकड्यांच्या गर्दीत माणूस मुख्य गोष्ट विसरतो. पद्मजाने प्रस्तावाच्या बाजूने मत दिलं होतं आणि कारणात जवळजवळ तेच वाक्य वापरलं होतं.

परतताना ती खरातवस्तीवर उतरली. सुमन व्हनमाने तिथे मेंढ्या पाळत असे. तिचंही मत पद्मजाकडे होतं. एप्रिलमध्ये तिने फोन करून सांगितलं होतं की वाळवणावर राख पडते. पद्मजाने तेव्हा सरासरीचा आलेख पाहिला होता आणि तो ठीक आहे असं तिला नम्रपणे कळवलं होतं.

सुमनने तिला घराच्या पत्र्यावर हात फिरवायला सांगितला. राख कोरडी नव्हती. तुपकट होती, बोटांना चिकटली, आणि जळालेल्या केसांसारखा वास बोटांना लागून राहिला. विहिरीवर जाळी टाकली होती. तीत अर्धवट वितळलेल्या नळ्यांचे गोळे अडकले होते, एकात सुईचं टोक स्पष्ट दिसत होतं. यंदा सात कोकरं जन्मली, त्यातलं एक जगलं, असं सुमन सांगत होती. तिने आवाज चढवला नाही. पद्मजाने तिला सगळं सांगितलं, पत्रांचंही. सुमनने ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे त्यांनी तुमास्नी बरं म्हटलं, येवढ्यावर?"

पद्मजा हो म्हणाली. सुमनने बादलीतलं पाणी तिच्या हातांवर ओतलं आणि ती मेंढ्यांकडे निघून गेली.

त्या रविवारी मोठा प्रस्ताव मताला येणार होता. त्याच भट्टीच्या जागी तिप्पट मोठी भट्टी, पंधरा वर्षांचा परवाना, चार जिल्ह्यांचा रुग्णालयी कचरा. पद्मजा त्याच्या विरोधात होती आणि आता तर पुरतीच होती. दिगंबरने घरी हिशोब मांडून दाखवला. दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीत होत्या. तिची तेराशे सोळा मतं विरोधात पडली की प्रस्ताव पडणार होता. त्याचं म्हणणं साधं होतं. रविवारी मत दे, सोमवारी फाईल जाहीर कर. आधी केलीस तर लोक मतं काढून घेतील, ती कुठल्यातरी दुसऱ्या मुखत्याराकडे जातील, आणि त्याचीही अशीच फाईल असेल.

तिने सांगितलं की चार दिवस लपवून दिलेलं मत हे त्या लोकांचं मत नसेल. आपल्याबद्दलची ही गोष्ट ठाऊक असती तर त्यांनी आपल्याकडे ते ठेवलं असतं का, हे ठरवायचा अधिकार त्यांचा आहे.

"आक्का," दिगंबर म्हणाला, "तुझा हात स्वच्छ राहावा म्हणून त्या वस्तीने धूर खायचा?"

आपण हे नियमासाठी करतोय, की पुन्हा कोणीतरी प्रामाणिक म्हणावं यासाठी, हे पद्मजाला आता नीट कळत नव्हतं. चौदा अंश तिच्या डोक्यात घुमत होते. स्वतःच्या मनातला कुठलाही विचार उचलून पाहिला तरी त्यावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे दिसत.

आई पलंगावर बसून ऐकत होती. तिला शेजाळांबद्दल कोणी काही सांगितलं नव्हतं. ते पद्मजाने आता सांगितलं. सकाळीच तिने त्यांच्या घरी फोन केला होता. सुनेने सांगितलं की शस्त्रक्रिया अखेर गेल्या महिन्यात झाली. पण इतके महिने अंथरुणावर पडून पाठीला जखमा झाल्या, त्यात किडे पडले होते, त्या अजून भरत नाहीत. दिगंबर चिडला, हे आईला सांगायची काय गरज होती म्हणाला. आईने आपल्या मांडीवर हात ठेवला. म्हणाली, "मग हा खुबा त्याचा म्हणायचा."

त्या रात्री आई जेवली नाही. गुरुवारी सकाळी पद्मजाने आपली अख्खी फाईल साखळीवर टाकली. शेरा ठेवला, पत्रांचे मसुदे ठेवले, आईचं आणि शेजाळांचं प्रकरण त्यांच्या घरच्यांना विचारून ठेवलं. मार्चमधलं मत चुकीचं होतं आणि ते आपल्याकडून कसं काढून घेण्यात आलं, हे लिहिलं. आपल्या मतदारांनी आपली मतं परत घ्यायची की नाही याचा विचार रविवारच्या आत करावा, असंही लिहिलं. बाकी चाळीस मुखत्यारांच्या फायली नसीमकडे होत्या. त्या नसीमने त्याच दिवशी ज्याच्या त्याला पाठवल्या आणि जाहीर करायची विनंती केली. एकानेही केली नाही.

शुक्रवारी आचारसंहिता समितीची बैठक झाली. अध्यक्ष होते ॲडव्होकेट प्रभंजन मगदूम, स्वतः दोन हजार मतांचे मुखत्यार. खोलीत सरबत होतं, थंड हवा होती. चोरलेली खासगी माहिती पसरवल्याबद्दल नसीमविरुद्ध तक्रार करायचं पहिल्या दहा मिनिटांत ठरलं. मग पद्मजाचा विषय निघाला. नियम कोणीच मोडलेला नाही, असं समितीचं मत पडलं. पद्मजाने विचारलं की मग हे जे झालं त्याला काय म्हणायचं? मगदूमांनी चष्मा काढून पुसला.

"मॅडम, चौथा नियम तुम्हीच लिहिलाय. मुखत्यार कोणतीही भेट जाणूनबुजून स्वीकारणार नाही. जाणूनबुजून हा शब्द तुमचा आहे. आम्हाला कुणालाच काही माहीत नव्हतं."

ते अगदी सौम्यपणे बोलत होते. टेबलाभोवतीच्या चेहऱ्यांवर सुटका होती. त्यातल्या प्रत्येकाने आदल्या दिवशीच आपली फाईल वाचलेली होती, हे पद्मजाला ठाऊक होतं. कुणाची बदली झाली होती, कुणाच्या नातीला प्रवेश मिळाला होता, कुणाच्या बंद पडलेल्या कवितासंग्रहाला प्रकाशक सापडला होता. आता तो शब्द त्यांना छत्रीसारखा मिळाला होता आणि सगळे त्याखाली दाटीवाटीने उभे होते. समितीने तिला साखळीची बदनामी केल्याबद्दल समज दिली. ती बाहेर पडत असताना कोणीतरी तिच्यापुढे सरबताचा ग्लास धरला.

मतं जाण्याची तिची तयारी होती. शंभर-सव्वाशे गेली. तेवढीच नवी आली. आणि शनिवारी सकाळपासून माणसं दारात यायला लागली.

शिव्या खायच्या तयारीने तिने दार उघडलं होतं. पहिली आलेली बाई ओळखीची होती. तिच्या नवऱ्याच्या किडनीसाठी नंबर लागत नव्हता. ते लोक असं काम करून देतात तर आमचं नाव त्यांच्या कानावर घालता येईल का, असं तिने विचारलं. त्या बाईला काय म्हणायचं? पद्मजाने तिला आत बसवलं, पाणी दिलं. पण तिच्या मागून येणारे किडनीवाले नव्हते. एकाला पार्किंगची जागा हवी होती. एकाला मुलीच्या लग्नासाठी मंगल कार्यालयाची अमुकच तारीख. दुपारी एक निवृत्त प्राचार्य आले. पद्मजाच्या लहानपणी त्यांच्या भाषणाला गर्दी व्हायची. त्यांनी आपल्या कॉलनीची टाईप केलेली यादी आणली होती, अग्रक्रमासह. दिवे, गटार, बागेतली बाकं.

"तुमचा कल थोडा हलता दाखवा," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "विरोध आहे, पण पक्का नाही, असं काहीतरी लिहा. बाकीचं ते यंत्र बघून घेईल. यात आपण कुठे काही मागतोय?"

पद्मजाने त्यांच्या हातातली यादी घेतली नाही. त्यांचे हात नीटनेटके होते, नखं कापलेली होती. तिला त्या हातांची शिसारी आली. त्याच दिवशी एका मुखत्याराने साखळीवरच्या आपल्या पानावर लिहिलं की अलीकडे त्याचा गुडघा फार दुखतो. दुसऱ्याने लिहिलं की भाच्याला शिक्षकाची नोकरी मिळेना याची काळजी लागून राहिली आहे. तिसऱ्याने नुसतं एवढंच, की रविवारच्या प्रस्तावावर आपलं मत अजून ठरलेलं नाही. तिने लोकांना सावध करायला फाईल टाकली होती. लोकांनी ती हॉटेलातल्या दरफलकासारखी वाचली होती.

संध्याकाळी तिने मुखत्यारी परत केली. साखळीत तशी सोय होती, कोणी कधी वापरली नव्हती. तेराशेहून जास्त फोनवर एकाच वेळी निरोप गेला की तुमचं मत तुमच्याकडे परत आलं आहे, उद्या पाच वाजेपर्यंत तुम्हाला ते स्वतः देता येईल. खाली तिने प्रस्तावाच्या परिशिष्टांचा दुवा दिला आणि स्वतःच्या एका मताबद्दल लिहिलं की ते विरोधात असेल.

दिगंबरला हे कळलं तेव्हा तो आपलं ताट उचलून आतल्या खोलीत गेला. भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी पाच वाजता निकाल लागला. बाजूने नऊ हजार दोनशे चार, विरोधात आठ हजार सहाशे अकरा. प्रस्ताव संमत. पद्मजाने आपल्या मतदारांची यादी काढून पाहिली. मत परत मिळालेल्या माणसांपैकी तीनशे नव्वद जणांनी ते दिलं होतं. त्यातली तीनशे एक मतं विरोधात होती. बाकीच्यांनी निरोप उघडला होता आणि बंद केला होता. मुखत्यारी ठेवली असती तर प्रस्ताव पाचशेच्या फरकाने पडला असता. हा हिशोब दिगंबरनेही केला असणार, कारण महिनाअखेर तो सांगलीला ऑफिसजवळ खोली घेऊन राहायला गेला. आईला तो दर गुरुवारी फोन करतो. पद्मजाने उचलला तर आईला दे म्हणतो.

नसीमवरचा खटला अजून चालू आहे. मगदूम पुन्हा अध्यक्ष झाले. समितीने चौथा नियम बदलला नाही. त्याखाली एक खुलासा जोडला, दीड पानांचा, आणि तो वाचून झाल्यावर नियम काय होता तेच आठवत नाही. आईने दिवाळीत जतला जायचा हट्ट धरला. वॉकर घेऊन ती शेजाळांच्या घराच्या पाच पायऱ्या चढली. शेजाळ कुशीवर झोपले होते. निघताना शेजाळांनी तिला विचारलं, जिना चढताना दुखतं का? आई म्हणाली, दुखतं.

नव्या भट्टीचा पाया जानेवारीत खणला गेला. फेब्रुवारीत धुराड्याच्या उंचीचा प्रस्ताव आला, चौसष्ट पानांचा. त्यावर मतदान व्हायला नऊ दिवस असताना एका सकाळी सुमन व्हनमाने पद्मजाच्या दारात उभी राहिली. तिच्याबरोबर वस्तीवरच्या आणखी तीन बायका होत्या. सुमनच्या पिशवीत चौसष्ट पानांची छापील प्रत होती, मेंढीच्या लोकरीचे धागे चिकटलेली. चौघींनी आपली मतं कोणाकडेच दिलेली नव्हती. पद्मजाने त्यांना आत बोलावलं. आपल्याकडे आता मुखत्यारी नाही, घेणारही नाही, असं ती सांगायला लागली तेव्हा सुमनने तिला मधेच थांबवलं.

"मत द्याया न्हाई आलो. ह्यातली अक्षरं बारीक हाईत आन शब्द अवघड. तुमी नुसतं वाचा. द्यायचं कसं, ते आमचं आमी बगू. तुमाला काय वाटतं ते बोलू नका."

पद्मजाने मान हलवली. तिला लागलं, आणि लागलं तरी राग आला नाही. चटईवर पाच जणी बसल्या. ती पहिल्या पानापासून वाचू लागली, सावकाश, मध्ये काही न घालता. दुसऱ्या परिच्छेदात वाऱ्याचा वेग आला, वस्तीचं अंतर आलं, आणि जमिनीवर पडणाऱ्या राखेचं प्रमाण आलं, अंदाजे अमुक इतकं.

चौघींतली सगळ्यांत मागे बसलेली बाई, जिचं नाव पद्मजाला अजून माहीत नव्हतं, पुढे सरकली आणि तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"अंदाजे म्हंजे? अंदाज कुणी केला?"

सहा वर्षांत हा शब्द पद्मजाने काही हजार वेळा वाचला होता आणि त्यावर शेकडो वेळा मत दिलं होतं. ती पान उलटून त्या अंदाजाखाली कोणाचं नाव आहे ते शोधू लागली. नाव नव्हतं. बायका तिच्याकडे बघत थांबल्या होत्या. तिने परिशिष्टाचं शेवटचं पान काढलं आणि तिथून उलटं, एकेक ओळ तपासत, मागे यायला सुरुवात केली.